फीट येण्याआधी रक्तात वाढणारे आरएनएचे तुकडे : ती तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न आपल्या इंदूरच्याच एका ताईंचा आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावीत आहे आणि भंवरकुआँला कोचिंगला जातो. दोन वर्षांपासून त्याला फीट येतात (म्हणजे अपस्माराचे झटके), महिन्या-दीड महिन्यातून एकदा, ‘बहुतेक वेळा सकाळी’. एमआरआय नॉर्मल आहे. ऑक्सकार्बाझेपीन आणि लेव्हेटिरासिटाम अशा दोन गोळ्या चालू आहेत. ताईंच्या वाचनात आलं की फीट येण्याआधी रक्तात ट्रान्सफर आरएनएचे तुकडे वाढतात. त्यातच एका खासगी लॅबच्या माणसाने ‘आरएनए पॅनेल’ सुचवलं आहे. नमुना कुरियरने बाहेरगावी जाईल, रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांनी मिळेल. हे तुकडे म्हणजे काय, ही गोष्ट खरी आहे का आणि तपासणी केली तर पुढची फीट आधी कळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी इथेच इंदूरमध्ये मेंदूविकारांची डॉक्टर आहे. अपस्माराचे पेशंट रोज बघते आणि या आरएनएच्या संशोधनावरही बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, कुणी उठवलेली आवई नाही. पण त्या पॅनेलमधून तुमच्या मुलाची पुढची फीट कळणार नाही, आणि आज तरी त्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या लिहिण्यात मला खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ‘बहुतेक वेळा सकाळी’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारी लिहिलेलं गोळीचं नाव. ते पुढे सांगते, पण ते वाचल्याशिवाय हे उत्तर अर्ध्यात सोडू नका.

तुम्ही विचारलंय की पुढची फीट कधी येईल ते कळेल का. दोन-दोन गोळ्या चालू असताना फीट थांबत का नाही, हे मात्र तुम्ही विचारलेलं नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच. त्याचं उत्तर मिळालं तर पहिल्या प्रश्नाची गरज बरीच कमी होते. तरी आधी तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मनापासून विचारलेला आहे आणि विषयही मोठा सुंदर आहे.

पेशीत प्रथिन तयार होतं ते एकेक अमिनो आम्ल जोडत जाऊन. आरएनए म्हणजे जनुकातल्या मजकुरावरून पेशीत तयार होणारा धाग्यासारखा रेणू. कुठल्या जागी कुठलं अमिनो आम्ल लावायचं हा मजकूर मेसेंजर आरएनएवर लिहिलेला असतो. ते अमिनो आम्ल उचलून नेमक्या जागी आणून देण्याचं काम ट्रान्सफर आरएनएचं. हा रेणू छोटा असतो, साधारण ७६ अक्षरांचा. अक्षर म्हणजे त्याचा एकेक रासायनिक मणी. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधल्या अ‍ॅलनिनच्या ट्रान्सफर आरएनएची सगळी अक्षरं क्रमाने वाचून काढली. १९६८ चं नोबेल त्यांना, मार्शल निरेनबर्गना आणि आपल्या हरगोविंद खुरानांना एकत्र मिळालं. याच अ‍ॅलनिनच्या ट्रान्सफर आरएनएचं जनुक खुरानांनी पुढे प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बांधून दाखवलं. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही वाचलेल्या अभ्यासातल्या तीन तुकड्यांपैकी एक अ‍ॅलनिनच्याच ट्रान्सफर आरएनएचा आहे.

पुष्कळ वर्षं या तुकड्यांकडे कुणी फारसं बघत नव्हतं. आरएनए तुटतोच, त्याचा चुरा पेशीत राहतो, असं मानून ते बाजूला टाकले जायचे. मग २००५ मध्ये टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जिवाची उपासमार केल्यावर दिसलं की त्याचे ट्रान्सफर आरएनए कुठेही तुटत नाहीत. ते एका ठरावीक जागी, बरोबर मधल्या फाशासारख्या वळणात कापले जातात. तोच प्रकार २००९ मध्ये माणसाच्या पेशींत दिसला. पेशीवर ताण आला, म्हणजे ऑक्सिडीकरण झालं, उष्णता वाढली की अँजिओजेनिन नावाचं एन्झाइम ट्रान्सफर आरएनए मधोमध कापतं आणि तीस-पस्तीस अक्षरांचे दोन अर्धे तुकडे होतात. गंमत म्हणजे हे अँजिओजेनिन १९८५ मध्ये सापडलं ते रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन म्हणून. एरवी पेशीत त्याच्यावर एक पहारेकरी प्रथिन बसलेलं असतं. ताणाच्या वेळी तो पहारा ढिला पडतो.

हे अर्धे तुकडे पेशीत स्वस्थ पडून राहत नाहीत. अ‍ॅलनिन आणि सिस्टीनच्या ट्रान्सफर आरएनएच्या पुढच्या अर्ध्या तुकड्यांच्या टोकाला ‘जी’ हे अक्षर चार-पाचदा लागोपाठ येतं. त्या टोकामुळे असे तुकडे एकमेकांत गुंतून घट्ट घडी घालतात आणि प्रथिन बनवण्याची सुरुवात करून देणाऱ्या यंत्रणेला जागेवरून हटवतात. म्हणजे संकटात पेशी सगळीकडचं उत्पादन थांबवून आधी जीव वाचवते, आणि तो हुकूम पोचवणाऱ्यांपैकी एक हा तुकडा. चेतापेशीसाठी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या पेशीसाठी, हे फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक चेतापेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

मेंदूच्या आजारांशी यांचा संबंध लागला तो दोन उलट्या बाजूंनी, आणि मला या विषयात सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. एएलएस हा आजार तुम्ही ऐकला असेल. त्यात हातापायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. २००६ मध्ये प्रामुख्याने आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या काही एएलएस रुग्णांत अँजिओजेनिनच्या जनुकात दोष सापडले. त्यांतल्या बहुतेक दोषांमुळे हे एन्झाइम दुबळं होतं. एएलएसच्या उंदरांना बाहेरून अँजिओजेनिन दिलं तर ते जास्त जगले, असंही २००८ मध्ये दिसलं. म्हणजे इथे कापण्याची ताकद कमी पडली तर चेतापेशीचं नुकसान. दुसरी बाजू बघा. ट्रान्सफर आरएनएवर छोटे रासायनिक शिक्के असतात आणि ते त्याला कापलं जाण्यापासून वाचवतात. यातला एक शिक्का मारणाऱ्या एनएसयूएन-२ या जनुकात दोष आला की बौद्धिक अपंगत्व येतं, हे २०१२ मध्ये काही कुटुंबांत आढळलं. २०१४ मध्ये उंदरांवर कारण दिसलं : शिक्का नाही, म्हणून अँजिओजेनिन जास्त कापतं, तुकडे साचतात, प्रथिननिर्मिती मंदावते आणि मेंदू लहान राहतो. त्याच वर्षी तुर्कस्तानातल्या काही कुटुंबांत सीएलपी-१ या जनुकाचा दोष सापडला. ट्रान्सफर आरएनए तयार होतानाच तिथे गडबड होते आणि लहानपणापासून मेंदूचे काही भाग नीट वाढत नाहीत.

तेव्हा ‘हे तुकडे चांगले की वाईट’ असं कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. थोड्या वेळासाठी, योग्य पेशीत, मोजके असतील तर ते राखण करतात. तेच साचून राहिले तर घात करतात. त्यामुळे रक्तात एक आकडा मोजला आणि तो ‘हाय’ आला, एवढ्यावरून काही ठरवणं अवघड आहे. लॅबचा माणूस हे सांगणार नाही.

आता फीटबद्दलच्या अभ्यासाकडे येऊ. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, डब्लिनच्या संशोधकांचा. व्हिडिओ-ईईजीसाठी (व्हिडिओ घेत असतानाच मेंदूतल्या विजेचा आलेख काढण्यासाठी) भरती झालेल्या, मेंदूच्या एका भागातून फीट सुरू होणाऱ्या प्रौढ रुग्णांचं रक्त त्यांनी फीटच्या आधी आणि नंतर घेतलं. अ‍ॅलनिन, ग्लुटामिक आम्ल आणि ग्लायसिन यांच्या ट्रान्सफर आरएनएचे तीन तुकडे आधीच्या नमुन्यात जास्त होते, नंतरच्या नमुन्यात कमी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत फीटसारखी खळबळ घडवली तेव्हा त्यानंतर त्यांच्यातही असे तुकडे बनणं आणि बाहेर पडणं कमी झालं. अपस्मारात आजवर रक्तात जे काही शोधलं गेलं ते बहुतेक फीट आल्यानंतर वाढणारं, उदाहरणार्थ प्रोलॅक्टिन हे हार्मोन. आधी वाढणारं काही मिळणं ही खरंच नवी गोष्ट होती. मीही तो निबंध पुन:पुन्हा वाचला.

पण तो वाचताना मनात काय येतं तेही ऐका. व्हिडिओ-ईईजीच्या वॉर्डात आम्ही फीट यावी म्हणूनच पेशंटला ठेवतो. गोळ्या कमी करतो, कधी रात्रभर जागं ठेवतो. अशा वेळी शरीरावर जो ताण येतो तो फीट येवो न येवो, येतोच. गोळ्या कमी केल्यामुळे तुकडे वाढले नव्हते, असं त्या संशोधकांनी नोंदवलं आहे. तरी वाढलेले तुकडे फीटची चाहूल देतात की जागरणाची आणि वॉर्डातल्या ताणाची खूण आहेत, हा प्रश्न माझ्या मनात उरतोच. तुमच्या घरात, रोजच्या गोळ्या घेऊन, रोजची झोप झोपून उठलेल्या मुलाच्या रक्तात तोच चढ दिसेल असं त्या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. रक्तातले हे तुकडे आले कुठून? ट्रान्सफर आरएनएचे अर्धे तुकडे रक्तात एरवीही भरपूर असतात, आणि त्यातले बरेचसे रक्तपेशींतून आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींतून येतात. २०२० मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर एक चांगला अभ्यास झाला. त्यात पक्षाघातानंतर रक्तात मायक्रोआरएनए (जनुकांवर लगाम ठेवणारे छोटे आरएनए) कमी होऊन ट्रान्सफर आरएनएचे तुकडे वाढलेले दिसले. तिथेही मोठा वाटा पांढऱ्या पेशींचाच होता. कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभं राहून कान्ह नदीचं पाणी बघितलं आणि त्यातला गाळ वरच्या कुठल्या नाल्यातून आला ते सांगा म्हटलं तर जसं होईल, तसं हे आहे. मेंदूचा नाला त्यात असेलही, पण बारीक.

तिसरी गोष्ट नमुन्याची. कागदावर ती किरकोळ वाटते, पण रिपोर्टची खरी माती इथे होते. हे तुकडे मोजायचे तर रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यावं लागतं. ईडीटीए आणि हेपारिन ही दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं. पण हेपारिनच्या नळीत घेतलं तर पुढे पीसीआर, म्हणजे तुकड्यांच्या प्रती वाढवून ते मोजण्याची पद्धत, अडते. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला आरएनए प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, सांडतो. अशा नळीतला प्लाझ्मा पिवळट न दिसता गुलाबी दिसतो, पण थोडंसंच फुटलं असेल तर डोळ्याला कळतही नाही. त्यासाठी वेगळं मोजमाप लागतं. मग लवकरात लवकर, नळी सेंट्रिफ्यूजमधून एकदा नव्हे तर दोनदा फिरवायची, कारण पहिल्या फेरीनंतर प्लेटलेट प्लाझ्मात उरतात आणि त्यांच्यातही छोटे आरएनए ठासून भरलेले असतात. त्यानंतर उणे ८० अंशांवर गोठवायचं. आता तुमच्या गल्लीतल्या कलेक्शन सेंटरचा विचार करा. मे महिन्याची दुपार, नळी स्टँडमध्ये उभी, पोरगा संध्याकाळी सगळे नमुने एकदम उचलून नेणार. त्या चार-पाच तासांत नळीतल्या पेशी स्वतःच ताणाखाली येतात. रिपोर्टवर जो आकडा छापून येईल त्यात तुमच्या मुलाच्या मेंदूचा भाग किती आणि त्या उभ्या नळीचा किती, हे कुणी सांगू शकणार नाही.

मोजण्याच्या पद्धतीतही खोच आहे. अँजिओजेनिनने कापलेल्या तुकड्याचं टोक रासायनिकदृष्ट्या वेगळं असतं, शिवाय अंगावर ते शिक्के असतात. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये (आरएनएची अक्षरं क्रमाने वाचण्याच्या पद्धतीत) असे बरेच तुकडे निसटतात. त्यांना पकडायच्या खास पद्धती गेल्या दहा वर्षांत निघाल्या. म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि ‘नॉर्मल’ किती याचा सर्वांनी मान्य केलेला आकडा नाही. लॅबवाल्याला एकच विचारा : तुमची नॉर्मल रेंज कुठून आणली?

समजा उद्या हे सगळं सुटलं. समजा घरच्या घरी रोज सकाळी रक्ताचा थेंब टाकून उत्तर देणारं यंत्र आलं. असं काही होणारच नाही असं मी म्हणत नाही. थोड्याशा द्रवातून हे तुकडे विजेच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत डब्लिनमध्येच २०२० साली मांडली गेली आहे. समजा ते यंत्र फीट येणार असेल त्या दिवशी दहापैकी नऊदा बरोबर सांगतं, आणि फीट येणार नसेल त्या दिवशी दहापैकी एकदाच चुकून ‘येणार’ म्हणतं. ऐकायला छान वाटतं ना? तुमच्या मुलाला महिन्यात साधारण एक फीट येते. म्हणजे ३० सकाळींपैकी २९ सकाळी फीटविना. त्यातल्या तीन सकाळी यंत्र उगाच घंटा वाजवेल, आणि एक घंटा खरी असेल. चार वेळा ‘आज येणार’, त्यातले तीन दिवस काहीच नाही. त्या चारही दिवशी मुलगा घरी बसेल, परीक्षा असली तरी. तुम्ही दिवसभर त्याच्या मागे फिराल. दोन महिन्यांत एकतर घरातल्या सगळ्यांची झोप उडेल, नाहीतर घंटेवरचा विश्वास. हे मी समजा म्हणून धरलेले आकडे आहेत, आणि ते उदार हाताने धरलेत.

आणि तुमच्या हातात आज जे येणार आहे ते तर तीन आठवड्यांनी येणारं उत्तर. आज सकाळच्या रक्तात काय होतं ते तीन आठवड्यांनी कळून त्या दिवशीची फीट कशी टळेल?

फीटचा अंदाज बांधायचाच असेल तर त्याचा थोडा भरवशाचा रस्ता दुसरा आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर बसवलेल्या यंत्रांनी महिनोन् महिने नोंद ठेवल्यावर दिसलं की पुष्कळ रुग्णांत फीटचा धोका लाटांसारखा वरखाली होतो, आणि एक लाट अनेकदा २० ते ३० दिवसांची असते. असं यंत्र तुमच्या मुलाला बसवायचा प्रश्नच नाही. पण एक साधी वही हेच काम थोड्या प्रमाणात करते. तारीख, वेळ, झोपेतून उठल्यावर किती वेळाने, आदल्या रात्री किती वाजता झोपला, गोळी चुकली का, ताप होता का, एवढंच. पाच-सहा महिन्यांच्या नोंदी समोर आल्या की मला जे दिसतं ते कुठल्याही पॅनेलमध्ये दिसत नाही.

आता त्या खटकलेल्या गोष्टीकडे येते. इथे बसून मी निदान करू शकत नाही, करणारही नाही. पण १५व्या वर्षी सुरू झालेल्या, सकाळी उठल्यावर येणाऱ्या फीट आणि नॉर्मल एमआरआय ऐकलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हा येतो : सकाळी त्याच्या हातांना झटके बसतात का? फीट नव्हे. पूर्ण शुद्धीत असताना खांदे किंवा हात एकदम उडणं. चहाचा कप हातातून उडतो, टूथब्रश हिरडीवर आपटतो, वहीत पेनाची रेघ मारल्यासारखी जाते. ओपीडीत हे विचारलं की आई म्हणते, ‘तो लहानपणापासून धांदरटच आहे हो’, आणि मुलगा मान खाली घालून हळूच म्हणतो की होतं असं, रात्री जागलो की जास्त होतं. हे झटके कुणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांना कुणी आजार समजतच नाही.

असे झटके असतील तर हा ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी नावाचा प्रकार असू शकतो. तो साधारण १२ ते १८ या वयात सुरू होतो आणि जागरणाने भडकतो. महत्त्वाचा मुद्दा असा की ऑक्सकार्बाझेपीन, कार्बामाझेपीन, फेनिटोइन ही औषधं एका भागातून सुरू होणाऱ्या फीटसाठी चांगली असली तरी या प्रकारात झटके वाढवू शकतात. म्हणजे दोन गोळ्या चालू असूनही फीट थांबत नाही याचं कारण कदाचित त्या गोळ्यांतलीच एक असेल. योग्य औषध मिळालं तर यातल्या बहुसंख्य मुलांची फीट आटोक्यात येते. आणि तसं असेल तर डब्लिनचा अभ्यास तुमच्या मुलाला लागूही होत नाही, कारण तो एका भागातून सुरू होणाऱ्या फीटवर झाला होता.

कृपा करून हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केली तर फीटमागून फीट येऊ शकते. तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि सकाळच्या झटक्यांबद्दल मुद्दाम सांगा. त्यांना योग्य वाटलं तर झोप कमी करून, उठण्याची वेळ पकडून, डोळ्यांसमोर दिवा चमकवून केलेला ईईजी लागेल. लॅबच्या पॅनेलपेक्षा तो पुष्कळ स्वस्त असेल आणि त्याचं उत्तर थेट औषध ठरवेल.

आणि झटके नसतील तर? मग बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. एमआरआय कुठल्या मशीनवर, कुठल्या पद्धतीने झाला यावर निदान बदलतं. डोकं दुखतंय म्हणून केलेल्या साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या सालीतली बारीक विकृती किंवा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचं आक्रसणं निसटू शकतं. अपस्मारासाठीचा एमआरआय वेगळ्या पद्धतीने, बारीक काप घेऊन करतात. मेंदूतल्या जंताच्या गाठीचा वाळलेला खडाही आपल्याकडे फार दिसतो, आणि तो सीटी स्कॅनमध्ये जास्त ठळक उठतो. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फीट थांबली नाही तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणायचं, ही व्याख्या २०१० पासून जगभर वापरतात. त्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा किंवा दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी पाठवायला उशीर करू नये. पण त्या व्याख्येतला ‘योग्य निवडलेली’ हा शब्द डोळ्याआड करू नका. चुकीच्या जातीची गोळी ‘फेल’ झाली तर ती मोजायची नसते.

तुमच्या मुलाच्या रात्रीबद्दलही बोलायला हवं. कोचिंगची मुलं दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, मधे मित्रांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची चक्कर होते, सकाळी सातला पुन्हा क्लास. अपस्माराच्या मेंदूला ही झोपेची कपात सोसत नाही. सराफा बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. शनिवारी जाऊ दे, पण रविवारी सकाळी त्याला झोपू दे. गोळीची वेळ मात्र टळायला नको. फीट पूर्ण थांबेपर्यंत स्कूटी अजिबात नको. भंवरकुआँच्या चौकात तर नकोच. न्हाणीघराचं दार आतून लावायचं नाही, एवढी सवय लावा. फीट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-जोडा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. नाकात मारायचा मिडाझोलामचा (फीट थांबवणाऱ्या औषधाचा) फवारा घरात ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

या छोट्या आरएनएमधून उपचार निघतील का, अशी तुमच्या मनात आशा असणारच, आणि ती अनाठायी नाही. एका ठरावीक आरएनएला जाऊन चिकटणारं औषध मेंदूच्या पाण्यात टोचून देणं आता फक्त कल्पनेत राहिलेलं नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी नुसिनर्सेनला अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली, एएलएसच्या एका प्रकारासाठी टोफर्सेनला २०२३ मध्ये. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. अपस्मारात मायक्रोआरएनए-१३४ अडवलं तर उंदरांच्या फीट कमी होतात, हे २०१२ मध्येच दाखवलं गेलं. ट्रान्सफर आरएनएचे तुकडे या रांगेत अजून मागे उभे आहेत. त्यांना पुढे यायचं तर रुग्णांचे नमुने लागतील, नीट घेतलेले, नीट गोठवलेले. उद्या एखाद्या मेडिकल कॉलेजने किंवा संशोधन संस्थेने एथिक्स कमिटीच्या परवानगीने, लेखी संमती घेऊन, तुमच्याकडून एक पैसा न घेता मुलाचं रक्त मागितलं तर जरूर द्या. मी माझ्या पेशंटना हेच सांगते. संशोधनासाठी दिलेलं रक्त आणि विकत घेतलेला रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा ताई, पॅनेलचे पैसे आत्ता बाजूला ठेवा. या आठवड्यात सकाळी त्याच्या हातांकडे लक्ष द्या, चहा पिताना, दात घासताना. झटका दिसला तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. डॉक्टरांकडे जाताना तो व्हिडिओ, गोळ्यांच्या पट्ट्या, आधीचा ईईजी आणि एमआरआयची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको. आणि तिथे गेल्यावर पाच मिनिटं बाहेर बसा, त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. रात्री किती वाजता झोपला, कधीपासून हात उडतात, कुठल्या दिवशी गोळी राहिली, हे १७ वर्षांचा मुलगा आईसमोर खरं सांगेलच असं नाही.